तीन होकार

माझ्या सासूबाई दर महिन्याला मला एकच प्रश्न विचारतात. मी सुट्टीला घरी गेले, पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "मग, लागला का पत्ता? आहे की नाही?" म्हणजे देव. विद्यापीठात धर्मांचा अभ्यास करून पीएचडी करायची तर शेवटी एवढं तरी सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी सांगते, आमचा विभाग त्या भानगडीत पडत नाही. मग चार वर्षं तिकडे करता काय, असं त्या विचारतात.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. आधी तिथे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, त्यामुळे टेबलांना अजून गॅसच्या तोट्या आहेत आणि भिंतीशी ओळीने कोरडी सिंकं. त्यांत आम्ही जुन्या प्रबंधांच्या प्रती रचून ठेवतो. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, पहिल्याच दिवशी म्हणाले होते की आपण श्रद्धा पाळत नाही आणि खोडतही नाही, आपण ती पाहतो आणि लिहितो. मला हे फार आवडलं होतं. तेव्हा मी तिशीची होते, मुलगी पाच वर्षांची होती आणि नवरा सहा तासांवरच्या आमच्या गावात चष्म्याचं दुकान चालवत होता. चार वर्षांत प्रबंध हातावेगळा करून मी घरी परतायचं आणि गावातल्या कॉलेजात शिकवायचं, असं सगळं ठरलेलं होतं.

विषय मला शिंप्याच्या दुकानात सापडला. स्वेटरची चेन बसवून घ्यायला गेले होते. ऐन कामाच्या दिवशी, सकाळी अकराला पाच मिनिटं असताना, शिंपीकाकांनी मशीनवर कापड तसंच टाकलं आणि मला म्हणाले, "बाई, तासाभराने या. मला वर जायचंय." मागच्या जिन्याने एकेक म्हातारं माणूस वर चढत होतं. मी अभ्यासक. मला राहवतंय थोडंच?

वरच्या खोलीत बारा खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. अकरा साध्या आणि एक हातांची. त्या हातांच्या खुर्चीत थोरल्या बसत. थोरल्या म्हणजे काकांची मोठी बहीण, साठीची, ताठ पाठीची, कमी बोलणारी. दर सातव्या दिवशी अकरा वाजता त्या एक पाठ म्हणत. चारशे बारा ओळी, चाळीस मिनिटं. एक माणूस घरातून निघतो आणि वाटेत काय काय दिसतं ते सांगत जातो, एवढंच त्यात आहे. 'आठवी पायरी ओली होती, मी तिच्यावर बसलो.' 'विहिरीवरच्या बाईने पाणी दिलं, नाव विचारलं नाही.' देवाचं नाव एकदाही येत नाही, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

नियम थोडे होते. पाठ लिहायचा नाही. तो एका वेळी एकाच माणसाकडे असतो आणि तोच म्हणतो, बाकीचे ऐकतात. आणि एक जरी सातवा दिवस चुकला तरी पाठ संपला. मग कुणी कधीच म्हणायचा नाही.

ऐकायला कुणालाही मुभा होती. मी रीतसर संमतीपत्रं छापून आणली, प्रत्येक कलम सावकाश समजावून सांगितलं, 'तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता' हे वाक्य तर दोनदा वाचलं. बाराही जणांनी सह्या केल्या. फक्त वही आणि पेन जिन्याखाली, काकांच्या टेपांच्या खणात ठेवावं लागे. तिथे माझं घोडं अडलं. मग मी एक युक्ती केली. दर खेपेला दहा-बारा ओळी डोक्यात धरायच्या, खाली यायचं, जिन्यावर बसून उतरवायच्या. मंडळी मला वहीवाली म्हणू लागली. आणि एकदा पाठ केलेलं विसरू नये म्हणून घरी गेले की मी भांडी घासता घासता ओळी म्हणायचे आणि माझी मुलगी वही हातात धरून तपासायची. कुठे अडखळले की तिला कोण आनंद. तिला आम्ही मैना म्हणतो, कारण ऐकलेलं सगळं ती परत म्हणून दाखवते. महिन्यातले माझे जे चार दिवस तिच्या वाट्याला येत ते असे जात. मला वाटायचं, एका दगडात दोन कामं होतायत.

थोरल्यांना मी विचारलं होतं, पाठ तुमच्याकडे कसा आला? त्या म्हणाल्या, "मी म्हणून दाखवला. मग माझ्याकडे आला. एकोणीस वर्षांची होते." मी लिहून घेतलं. काकांनीही एकदा सांगितलं होतं की पंचविशीत त्यांनीही म्हणून पाहिला होता आणि एकशे नव्वदाव्या ओळीला पडले. बाकीचेही कधी ना कधी पडलेले. एका माणसाला आयुष्यात एकच संधी, चुकलं की संपलं. चूक काढायची पाठ ज्याच्याकडे आहे त्यानेच, आणि मग बरोबर ओळ त्यानेच एकदा म्हणून दाखवायची. "ताईने ओळ सांगितली," काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "तर मला ती मी म्हटली तशीच वाटली. अजून वाटते. कान फसवतात माणसाला." हेही मी लिहून घेतलं, आणि समासात माझी टीप टाकली, 'स्मृतीचा दोष.' सगळं माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात. मी इतकी लिहीत होते की ऐकायला उसंतच नव्हती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांनी प्रकरण परत पाठवलं. तुझी प्रत अचूक आहे हे परीक्षकांना कशावरून कळणार, असा त्यांचा शेरा होता. आमच्याकडे ह्यावर ठरलेला उपाय आहे. जे लिहिलं ते त्याच माणसाला वाचून दाखवायचं आणि चुका विचारायच्या. पण वही वर नेता येत नव्हती. म्हणून मी थोरल्यांना म्हटलं, मी तोंडपाठ म्हणते, कुठे चुकले तर सांगाल का?

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग विचारलं, "पूर्ण म्हणणार?"

मी म्हटलं, हो.

"सगळ्यांसमोर?"

मला वाटलं, जितके साक्षीदार जास्त तितकं चांगलं. म्हटलं, हो.

"खरंच म्हणायचा आहे?"

"हो," मी म्हटलं, आणि वर "उपकार होतील" अशी पुस्तीही जोडली.

पुढच्या सातव्या दिवशी मी चारशे बारा ओळी म्हटल्या. एकाही ठिकाणी कुणी टोकलं नाही. संपल्यावर थोरल्या उठल्या आणि बाकीचे अकराही उठले. मला वाटलं, कौतुकाने उठले. मी लाजले, हे सांगतानाही आता माझा मला राग येतो. थोरल्या म्हणाल्या, "बस," आणि हातांच्या खुर्चीकडे बोट केलं. माझे पाय दुखत होते, मी बसले.

थोरल्या एक्केचाळीस वर्षं त्या शहराबाहेर गेल्या नव्हत्या. आईच्या शेवटच्या आजारात गेल्या नव्हत्या, लग्नाचं एक स्थळ लांबचं म्हणून सोडलं होतं. दहा दिवसांनी त्या एक निळी सूटकेस घेऊन मावसबहिणीकडे राहायला गेल्या. एकदा दिलेला पाठ देणाऱ्याने पुन्हा उच्चारायचा नसतो. पत्ता त्यांनी कुणालाच दिला नाही.

माझ्याकडे त्यांची बारा संमतीपत्रं होती. त्यांच्याकडे माझे तीन होकार होते. माझ्या कागदावर माघार घ्यायची सोय होती, त्यांच्यात ती नव्हती, आणि असली तरी मी विचारलं कुठे होतं?

सर आधी खूष झाले. अशी संधी दहा हजारांत एकाला मिळते, म्हणाले, स्वतंत्र प्रकरण होईल. आठवड्याने त्यांचा सूर बदलला. समितीत कुणीतरी विचारलं होतं की ही बाई त्या समूहाची अभ्यासक आहे की प्रमुख? प्रबंधाच्या तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, 'संशोधक समूहाबाहेरील आहे.' आता ते वाक्य खोटं ठरत होतं. एक तर नव्याने आराखडा द्यायचा आणि आणखी दीड वर्ष थांबायचं, नाहीतर त्या खोलीशी संबंध तोडल्याचं लिहून द्यायचं. गावातल्या कॉलेजची नेमणूक तोवर हातात आली होती आणि तीन महिन्यांनी, एक तारखेला रुजू व्हायचं होतं. "तू मानतेस का ते?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही. "मग घोडं कुठे पेंड खातंय? नोंद कर आणि नीघ."

निघून पाहिलं. एका सातव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या बसमध्ये जाऊन बसले. खिडकीची जागा होती. बस हलली आणि मला त्या अकरा खुर्च्या दिसायला लागल्या. कुणी मला दम दिला असता, शाप दिला असता, हात धरून बसवलं असतं तर मी झटकून गेले असते, माझा स्वभाव तसाच आहे. पण काकांनी एवढंच म्हटलं होतं की बाई, जायचं तर जा, कुणी काही म्हणणार नाही, आम्ही अकराला येऊन बसू आणि मग घरी जाऊ. ते येऊन बसणं मला सोसेना. पहिल्याच थांब्यावर उतरले आणि तरातरा चालत परत आले. पावणेअकराला पोचले तर मंडळी जागेवर बसलेली. कुणालाही नवल वाटलं नाही. त्या दिवशी मी पाठ दात-ओठ खाऊन म्हटला.

असे तीन महिने गेले. घरी जायचं तर सातव्या दिवसाच्या आत परत. मैनेचा वाढदिवस नेमका सातव्या दिवशी आला. फोनवर ती म्हणाली, "तू कुणाचं तरी काम करतेस, ते काम दुसऱ्या कुणाला सांग ना." मी तिला समजावलं की ते ज्याला सगळं न चुकता येतं त्यालाच सांगता येतं. फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. आपण ह्या पोरीला नुसतं कारण सांगितलं नाही, वाट दाखवली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

एक तारखेच्या चार दिवस आधी नवरा मैनेला घेऊन आला. तो भांडणारा माणूस नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला घाई करून चालत नाही, तसंच त्याचं बोलणं. त्याने खिशातून दुपारच्या बसची तीन तिकिटं काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आज सातवा दिवस आहे, शेवटचं जाते, त्यांना तोंडावर सांगते आणि तशीच येते. हा निर्णय मी खरोखर घेतला होता. रात्री दहा वेळा घोकलाही होता.

नवरा खाली दुकानात सूटकेसेस घेऊन बसला. मैना हट्टाने माझ्याबरोबर वर आली आणि दाराशी स्टुलावर बसली. मी पाठ म्हटला. चारशे बारावी ओळ संपली आणि मी 'मंडळी' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मैना उभी राहिली.

"मला सगळं येतं," ती म्हणाली. "मी म्हणू?"

अकरा माना तिच्याकडे वळल्या आणि मग माझ्याकडे. वयाचा नियम नव्हता. काका हळूच म्हणाले, "बाई, प्रश्न तुम्हीच विचारायचे असतात."

इथे मला खोटं बोलता आलं असतं की मी गप्प बसले. मी गप्प बसले नाही. माझ्या डोक्यात एकच विचार होता की पोर आहे, कुठेतरी चुकेलच, आणि तिची हौस फिटेल. आणि त्याच्या खाली आणखी एक विचार होता, तो मी कुणाला सांगितलेला नाही. न चुकली तर मी सुटेन. थोरल्यांच्याच शब्दांत मी विचारलं, "पूर्ण म्हणणार?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"खरंच म्हणायचा आहे?"

"हो. मग तुला यायला नको ना."

तिने सुरुवात केली. हात मागे बांधून, माझ्याच चालीत, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेत. पन्नास ओळी झाल्या, शंभर झाल्या. मी तिच्या चुकीची वाट पाहत होते. जिथे मी स्वतः नेहमी ठेचकाळायचे त्या विहिरीच्या ओळी आल्या आणि ती सरसर पुढे गेली. दोनशे झाल्या. तीनशेला मला एकोणीस वर्षांची थोरली दिसायला लागली, मग तिच्या जागी ही दिसली, वीस वर्षांची, चाळीस वर्षांची, ह्याच हातांच्या खुर्चीत, ह्याच खिडकीकडे तोंड करून. मंडळी पुढे झुकली होती. एक आजी डोळे पुसत होती. इतक्या वर्षांनी त्यांना इतकं लांब पल्ल्याचं माणूस मिळालं होतं, त्यांना का आनंद होऊ नये?

चारशे नवव्या ओळीला मैना माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मागे वळून पाहिलं, दार तसंच उघडं होतं."

"चुकलं," मी म्हटलं.

तिचं हसू तसंच राहिलं, काही तरी ऐकण्यात घोटाळा झाला असेल अशा थाटात. मग ती म्हणाली, "नाही चुकलं."

"चुकलं मैना. बस खाली."

"कुठे चुकलं?"

आणि नियम असा की बरोबर ओळ मी म्हणून दाखवायची. अकरा जण थांबले होते. दुसरी ओळ माझ्याकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हटलं, "मागे वळून पाहिलं, दार तसंच उघडं होतं."

ज्यांनी हजारो वेळा ती ओळ ऐकली होती त्यांना काय कळायचं ते कळलं असणारच, पण चूक काढणं त्यांचं काम नव्हतं. मैना दोन्ही हातांनी तोंड झाकून जिन्यावरून खाली पळाली. मी उठणार तोच माझं काकांकडे लक्ष गेलं. ते समोर बघत होते.

"एकशे नव्वद," ते म्हणाले. "मी पण बरोबर म्हटलं होतं, बाई."

मी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या ताईने त्यांना पाडलं नव्हतं, सोडवलं होतं. त्यांनाच कशाला, ह्या खोलीतल्या ज्याच्यावर तिचा जीव होता त्या प्रत्येकाला तिने असंच एकेका ओळीवर सोडवलं असणार, आणि बदल्यात ह्या माणसाने उभं आयुष्य स्वतःला चुकलेला मानलं. मला मात्र तिने चारशे बाराच्या चारशे बारा ओळी म्हणू दिल्या. मी तिची कुणी नव्हते. मी वही घेऊन आलेली बाई होते.

काका रडत होते आणि हसतही होते, आणि बाकीचे आपापली ओळ आठवत असावेत, कारण एकेक चेहरा बदलत चालला होता. 'मंडळी, मी आजपासून येणार नाही,' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ज्या खुर्चीला मी मानत नाही म्हणत होते तिच्याच अधिकाराने मी माझ्या पोरीला नुकतंच खोटं पाडलं होतं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार की माझा ह्या खुर्चीशी संबंध नाही? ते वाक्य मी गिळलं.

खाली नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तीन तिकिटांतलं एक त्याने काकांच्या मशीनवर ठेवलं. बस-स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. मैना खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले, माझ्याकडे न बघता. बस सुरू झाली तेव्हा तिने काच सरकवली.

"आई, मी खरंच चुकले होते?"

तिला आयुष्यभर हे पुरणार होतं, मला माहीत होतं. काकांना तीसेक वर्षं पुरलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर ती पुढच्या सातव्या दिवशी परत आली असती.

"हो," मी म्हटलं.